काडेपेटीत दडलेली संख्या

टेबलाच्या मधोमध खडूने ओढलेली एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे तीन बंद काडेपेट्या आणि दोन सुटे चिंचोके, उजवीकडे चौदा सुटे चिंचोके. वर्गाला दोनच गोष्टी सांगायच्या. तिन्ही पेट्यांत सारखे चिंचोके भरलेत, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकूण चिंचोके तेवढेच आहेत. आता पेटी न उघडता सांगा, एका पेटीत किती?

बीजगणिताची ओळखही न झालेली मुलं हे कोडं सोडवतात. कोणी डावीकडचे दोन सुटे चिंचोके मुठीत घेतं, लगेच उजवीकडचेही दोन उचलतं, आणि उरलेल्या बाराचे तीन वाटे करतं. प्रत्येक पेटीच्या वाट्याला चार. पेटी उघडली की आतून खरोखर चार चिंचोके निघतात, आणि वर्गात जो गलका होतो तो थांबवू नये. हेच कोडं फळ्यावर ३क्ष + २ = १४ असं लिहून दिलं असतं, तर यातल्या बऱ्याच मुलांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं असतं. मुलांच्या डोक्यात विचार तयार असतो. त्या विचाराला चिन्हांचं रूप द्यायचं काम शिक्षकाचं आहे, आणि ते चिंचोके वाटून आपोआप होत नाही. या प्रकरणात त्या मधल्या वाटेबद्दलच बोलायचं आहे, कारण गणित शिकवताना हातात वस्तू द्याव्यात हे सगळेच सांगतात. वस्तू दिल्यावर पुढे काय करायचं, हे फार कमी जण सांगतात.

एक शंका आधीच घ्यायला हवी. मुलांना हे असंच सुचत असेल तर पेट्या हव्यातच कशाला? तोंडी विचारलं तरी भागेल: एका संख्येच्या तिपटीत दोन मिळवले की चौदा होतात, ती संख्या कोणती? मुलं उलट्या पावलांनी जातात, चौदातून दोन वजा करतात, बाराला तिनाने भागतात आणि मोकळी होतात. हे खरं आहे. मेक्सिकोतले गणितशिक्षणाचे अभ्यासक एउहेनियो फियॉय आणि तेरेसा रोहानो यांनी १९८९ साली नेमकं याच जागेवर बोट ठेवलं. अज्ञात संख्या समीकरणाच्या एकाच बाजूला असते तोवर अंकगणित पुरतं. ती दोन्ही बाजूंना आली की उलटं जायला सुरुवातच सापडत नाही. त्यांच्या मते अंकगणित संपून बीजगणित सुरू होण्याची सीमा इथे आहे.

म्हणून दुसरं कोडं असं मांडायचं: डावीकडे पाच पेट्या आणि तीन चिंचोके, उजवीकडे दोन पेट्या आणि अठरा चिंचोके. आता वर्ग थोडा वेळ गप्प होतो. अठरातून तीन काढता येतात, पण त्या दोन पेट्यांचं काय करायचं? मग कुठून तरी आवाज येतो.

“दोन्हीकडच्या दोन-दोन पेट्या उचलू या का?”

“पण आत किती आहेत ते कुठे माहीत आहे?”

“असू देत की कितीही! सगळ्यांत सारखेच आहेत ना?”

हे शेवटचं वाक्य मुलांकडून यावं, यासाठी शिक्षकाने पाच मिनिटं थांबावं लागलं तरी थांबावं. जी संख्या आपल्याला माहीत नाही ती माहीत असल्यासारखी उचलता येते, वजा करता येते, वाटता येते, हा बीजगणितातला सर्वांत मोठा विचार आहे. तो फळ्यावरून समजावून सांगणं अवघड आहे. हाताने दोन पेट्या उचलणाऱ्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. मग उरतात तीन पेट्या आणि तीन चिंचोके, समोर अठरा. तीन-तीन चिंचोके काढले की तीन पेट्यांसमोर पंधरा. एका पेटीत पाच. पडताळाही हातानेच करायचा: पाचही पेट्या उघडून पंचवीस आणि तीन अठ्ठावीस, पलीकडे दहा आणि अठरा अठ्ठावीस.

टेबलावरची रेघ आडवी न ओढता उभी का ओढली, तेही इथे सांगायला हवं. पुढे ती रेघ ज्या जागी होती त्या जागी बरोबरचं चिन्ह येणार आहे, आणि या चिन्हाबद्दलचा मुलांचा गैरसमज आपल्याला वाटतो त्यापेक्षा खोल असतो. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली आपल्या पुस्तकात दोन समांतर रेघांचं हे चिन्ह पहिल्यांदा छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कोणत्या दोन गोष्टी असणार, असं कारणही त्यांनी दिलं. पहिलीपासून मात्र आपली मुलं हे चिन्ह ‘आता उत्तर लिहा’ अशा हुकमासारखं वाचतात. अमेरिकेतल्या काही शिक्षक-संशोधकांनी ८ + ४ = □ + ५ हा प्रश्न मुलांना घातला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही चौकटीत ७ लिहिलं नाही. बहुतेकांनी १२ लिहिलं, कारण आठ अधिक चार बारा होतात. काहींनी दिसतील त्या सगळ्या संख्या मिळवून १७ लिहिलं. ही मुलं बेरीज चुकत नव्हती. चिन्हाच्या उजवीकडे दुसरी एक रास असू शकते, ही कल्पनाच त्यांना कुणी दिली नव्हती.

आपल्याकडच्या वह्याही वेगळं सांगत नाहीत. ८ + ४ = १२ + ५ = १७ अशी साखळी कुठल्याही शाळेत सापडते, आणि शेवटचं उत्तर बरोबर असल्यामुळे तिच्यावर बरोबरची खूणही होते. माझ्या मते ही खूण करणं थांबवायला हवं. त्या ओळीत आठ अधिक चार म्हणजे सतरा असं लिहिलेलं आहे, आणि ते खोटं आहे. ज्या मुलाला चौथीत ही साखळी चालली, त्याला सहावीत समीकरणाच्या दोन बाजू का जपायच्या ते कळणार कसं?

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर काम करताना समीकरणाच्याही आधीची पायरी बळकट केली. संख्या तिच्या चिन्हासकट एका चौकटीत घालायची, म्हणजे १९ − ७ + ४ यात १९, वजा ७ आणि अधिक ४ अशी तीन पदं. आणि मग आकडेमोड न करता दोन राशी सारख्या आहेत का ते ओळखायचं. २७ + ३२ आणि २९ + ३० या दोन बेरजा सारख्या आहेत का? बेरीज न करता सांगा, आणि का ते सांगा. चिंचोक्यांवर हे सहज दाखवता येतं: एका ढिगातले दोन उचलून दुसऱ्या ढिगात टाकले, बस्स. असे प्रश्न आठवडाभर घेतले की मुलं बरोबरच्या चिन्हाकडे दोन्ही बाजूंनी पाहायला लागतात. मग पेट्या बाहेर काढाव्यात.

आता सामानाकडे वळू. रेघेऐवजी खरा तराजू का आणू नये? पुस्तकांत समीकरणाशेजारी तराजूचं चित्र असतंच. हँगरच्या दोन टोकांना दोऱ्याने दोन कागदी कप टांगले की तराजू तयार होतो आणि मुलांना तो अतिशय आवडतो. पण त्यावर चिंचोके आणि काडेपेट्या ठेवून पाहिल्या की दोन अडचणी येतात. चिंचोके एकसारख्या वजनाचे नसतात. चौदा चिंचोके दुसऱ्या चौदा चिंचोक्यांना तोलतीलच असं नाही. दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. रिकाम्या काडेपेटीलाही वजन असतं. तीन पेट्या आणि दोन चिंचोके चौदा चिंचोक्यांपेक्षा जडच भरणार. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले एकाच मापाचे लोखंडी नट. दुसरीवर उपाय म्हणजे दुसऱ्या पारड्यात तितक्याच रिकाम्या पेट्या ठेवणं. काही शिक्षक या कटकटीमुळे तराजू टाळतात. मी म्हणेन, एकदा तरी वापराच, आणि रिकाम्या पेट्या आधी ठेवूच नका. पारडं एका बाजूला झुकतं, मुलं गोंधळतात, मोजणी तपासतात, आणि शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की पेटीचं वजन मध्ये आलंय. या शोधातून पुढच्या सगळ्या धड्यांना पुरेल असं काही हाती लागतं: आपण जे शोधतोय ते पेटीच्या आत आहे, पेटी म्हणजे ते नव्हे.

मग तराजू कपाटात ठेवायचा आणि कार्डबोर्डवर काढलेल्या तराजूवर यायचं. त्याची दोन पारडी कधीच हलत नाहीत, म्हणून ती समतोल ठेवण्याची जबाबदारी मुलांवर येते. एका बाजूला काही केलं की दुसऱ्या बाजूलाही तेच करायचं, हा नियम खेळाच्या नियमासारखा पाळला जातो. अमेरिकन शिक्षक हेन्री बोरेन्सन यांनी १९८०च्या दशकात बुद्धिबळातल्या प्याद्यांसारख्या सोंगट्या, अंक लिहिलेले ठोकळे आणि असाच चितारलेला तराजू वापरून एक पद्धत बसवली; सोंगटी म्हणजे अज्ञात, ठोकळ्यावरचा अंक म्हणजे ज्ञात. तिसरी-चौथीची मुलंही त्यावर दोन्ही बाजूंना अज्ञात असलेली समीकरणं सोडवतात. आपल्या वर्गात पन्नास मुलं असतील तर चार-चारांचे गट करून प्रत्येक गटाला एक पुठ्ठा, आठ काडेपेट्या आणि मूठ-दोन मूठ चिंचोके पुरतात. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि टाकाऊ डबे यांतून शिकवून दाखवलं की अशा साहित्यासाठी शाळेला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

स्वस्ताईशिवायही साध्या वस्तूंचा एक फायदा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोच यांनी १९८७ साली लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका खोलीची छोटी हुबेहूब प्रतिकृती केली. मुलांसमोर त्या प्रतिकृतीत एक छोटं खेळणं लपवलं आणि सांगितलं, मोठं खेळणं खऱ्या खोलीत याच जागी लपलंय. तीन वर्षांच्या मुलांनी ते शोधलं. अडीच वर्षांच्या बहुतेकांना जमलं नाही. पुढे १९९७ साली अडीच वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवून सांगितलं की यंत्रामुळे खरी खोलीच आकुंचन पावली आहे. आता बहुतेकांना खेळणं सापडलं! प्रतिकृतीला एकाच वेळी स्वतंत्र वस्तू आणि दुसऱ्या कशाची खूण असं दोन्ही समजणं हे त्यांच्यासाठी अवघड होतं. छोटी खोली हीच ती खरी खोली म्हटल्यावर अवघडपण गेलं. अकरा-बारा वर्षांची मुलं अर्थातच पुढे गेलेली असतात, पण वस्तू जितकी लोभस तितकं तिच्यापलीकडे पाहणं कठीण, हे मोठ्या वयातही खरं ठरतं. रंगीत प्राण्यांच्या आकाराचे ठोकळे दिले की मुलं हत्ती कुणाचा आणि ससा कुणाचा यावर भांडतात. काडेपेटीवर कुणी भांडत नाही. तिच्याकडे पाहण्यासारखं काही नसल्यामुळे मुलं तिच्या आत काय असेल याचा विचार करतात.

वस्तूंवरून वहीवर येण्याची पायरी घाई न करता चढायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ साली मांडलं की माणूस एखादी गोष्ट आधी कृतीतून, मग चित्रातून आणि मग चिन्हांतून मनात धरतो. सिंगापूरच्या शाळांनी १९८०च्या दशकापासून गणिताचा अभ्यासक्रम याच क्रमावर उभारला. वर्गात त्याचा अर्थ साधा आहे. वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखायचे. पहिल्यात मुलाने हाताने काय केलं ते एका वाक्यात: ‘दोन्हीकडून दोन पेट्या काढल्या.’ दुसऱ्यात त्यानंतरच्या टेबलाचं चित्र, पेटीसाठी चौकोन आणि चिंचोक्यासाठी ठिपका. तिसऱ्यात तेच चिन्हांत: ३क्ष + ३ = १८. प्रत्येक हालचालीला एक ओळ. हालचाल झाली आणि ओळ लिहिली नाही असं होऊ द्यायचं नाही. अनेक शाळांत पेट्यांचा तास मजेत जातो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘आता खरं गणित’ म्हणून उदाहरणं सुरू होतात. मुलांच्या दृष्टीने ते दोन वेगळे तास असतात आणि पहिल्याचा दुसऱ्याला काहीच उपयोग होत नाही. तीन रकान्यांचं पान हा त्या दोन तासांना जोडणारा एकमेव पूल आहे.

आठ-दहा कोड्यांनंतर मुलं आपणहून पहिला रकाना गाळायला लागतात. मग चित्रही नको वाटतं. त्यांना तसं करू द्यावं. ज्याला पेट्या अजून हव्यात त्याच्या हातून त्या काढून घेऊ नयेत. सगळ्या वर्गाने एकाच दिवशी वस्तू सोडाव्यात अशी अपेक्षा ठेवण्याचं काही कारण नाही.

अक्षर आणताना मात्र एक सावधगिरी पाळायला हवी. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या चाचणीतून डीटमार क्यूखेमान यांनी दाखवलं की अनेक मुलं अक्षराला संख्या न समजता वस्तूच समजतात. ३क म्हणजे तीन केळी आणि २प म्हणजे दोन पेरू असं शिकवलं की बेरीज-वजाबाकी काही दिवस छान चालते. पुढे ३क = १२ आलं की मुलाला तीन केळी म्हणजे बारा कसे, हे उमगत नाही. पेट्यांच्या बाबतीतही हाच धोका आहे. म्हणून क्षचा परिचय करून देताना शब्द मोजून वापरायचे: क्ष म्हणजे एका पेटीतल्या चिंचोक्यांची संख्या. पेटीसाठी ‘प’ असं अक्षर निवडायचा मोह टाळावा. तराजूवर रिकाम्या पेटीने घातलेला गोंधळ इथे उपयोगी पडतो; ज्या मुलांनी तो अनुभवला, ती पेटी आणि तिच्यातली संख्या यांत गल्लत करत नाहीत.

शाळेत सर्वाधिक ऐकू येणारं वाक्य आहे, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ हा नियम चुकीचा नाही. सवय झालेल्या माणसासाठी तो वेळ वाचवतो. पण कारण न कळता पाठ केला की तो कुठेही लावला जातो. ३क्ष = १२ दिलं की वहीत क्ष = १२ − ३ = ९ असं दिसतं, कारण तीन पलीकडे गेला आणि चिन्ह बदललं! टेबलावर तीन पेट्या आणि समोर बारा चिंचोके असताना ही चूक करायला बसलेलं मूलही करू शकत नाही; बारामधून तीन काढायला डावीकडे सुटे तीन आहेतच कुठे? ज्या मुलाने दोन्ही बाजूंनी काढणं, दोन्ही बाजूंना घालणं आणि वाटे करणं ही तीन कामं पुरेशी केली आहेत, त्याला एके दिवशी आपणच म्हणावंसं वाटतं, “सर, मधली ओळ कशाला लिहायची? पाच तिकडे नेले की वजा होतात.” त्या दिवशी नियम त्याचा झाला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल् ख्वारिज्मी यांनी समीकरणांवर जे पुस्तक लिहिलं, त्यातली दोन मुख्य कामंही हीच होती: वजा असलेलं पद दोन्ही बाजूंना मिळवून भरून काढायचं, आणि दोन्हीकडची सारखी पदं काढून टाकायची. बहुतेक सगळं शब्दांत लिहिलेलं, चिन्हांशिवाय. आपली मुलं पुठ्ठ्यावर तेच करतात.

वजा संख्या आल्या की चिंचोके तोकडे पडतात. हे लपवू नये. बेल्जियममधल्या जोएल व्लासिस यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवीच्या मुलांना तराजूच्या चित्राचा उपयोग झाला. दोन्ही बाजूंना सारखंच करायचं हे तत्त्व पक्कं बसलं. मात्र वजा चिन्हं आल्यावर तोच तराजू अडथळा ठरला, कारण पारड्यात वजा तीन ठेवायचे म्हणजे काय ठेवायचं? क्ष + ५ = २ हे समीकरण काडेपेटीत मावत नाही. इथे साहित्य बदलावं लागतं, आणि बदलासाठी लागणारी कल्पना आपल्या परंपरेत आठशे वर्षांपूर्वीपासून तयार आहे.

भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ ११५० साली पूर्ण झालेल्या सिद्धान्तशिरोमणीचा भाग आहे. त्यात घोड्यांचं एक उदाहरण येतं. एकाकडे सहा घोडे आणि तीनशे रुपये आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभर रुपयांचं कर्ज आहे. सगळे घोडे एकाच किमतीचे आणि दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? भास्कराचार्य दोन बाजू एकाखाली एक मांडतात. वरच्या ओळीत ‘या ६ रू ३००’, खालच्या ओळीत ‘या १० रू १००’, आणि खालच्या शंभरावर ऋण दाखवणारा एक ठिपका. ‘या’ म्हणजे अज्ञात, ‘रू’ म्हणजे ज्ञात संख्या. त्याहीआधी ६२८ साली ब्रह्मगुप्तांनी धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले होते. वजा संख्येला पारड्यात जागा नसली तरी खतावणीत होती.

म्हणून इथे काळी आणि तांबडी बटणं आणावीत. काळं बटण म्हणजे शंभर रुपये हातात, तांबडं म्हणजे शंभर रुपये देणं. एक काळं आणि एक तांबडं जवळ आलं की दोन्ही मिटतात, कारण हातातले शंभर देऊन देणं फिटतं. घोड्यांऐवजी पेट्या. डावीकडे सहा पेट्या, तीन काळी बटणं. उजवीकडे दहा पेट्या, एक तांबडं. मुलं आधी दोन्हीकडच्या सहा-सहा पेट्या काढतात. उरलं: डावीकडे तीन काळी, उजवीकडे चार पेट्या आणि एक तांबडं. आता ते तांबडं घालवायचं कसं? उजवीकडे एक काळं बटण ठेवलं तर तांबडं मिटेल, पण मग डावीकडेही एक ठेवायला हवं. चार पेट्या आणि चार काळी बटणं. एका घोड्याची किंमत शंभर. तपासायचं: सहाशे आणि तीनशे नऊशे, हजारातून शंभराचं देणं वजा, नऊशे. हे उदाहरण महाराष्ट्रातल्या मुलांना देताना एक गोष्ट जरूर सांगावी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून एक मठ स्थापन केला, आणि त्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. घोड्यांचं हे कोडं त्या मठातल्या मुलांनीही सोडवलं असणार.

बटणांनी ऋण संख्या येतात, तरी सगळं येत नाही. २क्ष = ७ आलं की पेटीत साडेतीन चिंचोके भरावे लागतात. तिथे कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात, कारण पट्टीचा अर्धा भाग दुमडून दाखवता येतो. आणि ऋण अज्ञात, म्हणजे वजा क्ष, येईल तेव्हा बहुतेक मुलं चिन्हांवर स्वार झालेली असतात; त्यासाठी नवं साहित्य शोधण्याची धडपड मी करणार नाही. प्रत्येक साहित्याला हद्द असते आणि ती आली की ते बाजूला ठेवणं हे शिकवण्याचाच भाग आहे.

सोडवण्याइतकाच वेळ मुलांना कोडी रचण्यासाठी द्यावा. गटाने आधी पेटीत किती चिंचोके ते गुपचूप ठरवायचं, पेट्या भरायच्या, मग दोन्ही बाजूंना राशी मांडून त्या सारख्या होतात का ते मोजायचं आणि कोडं शेजारच्या गटाला द्यायचं. सोडवताना मूल उत्तराकडे जातं; रचताना ते उत्तरापासून निघतं आणि दोन बाजू सारख्या ठेवण्याची किंमत काय असते ते जाणतं. अशा एखाद्या तासाला कोणता तरी गट हमखास डावीकडे दोन पेट्या आणि तीन चिंचोके, उजवीकडे दोन पेट्या आणि पाच चिंचोके असं कोडं देतो. बहुधा मोजताना गडबड झालेली असते. शेजारचा गट दोन-दोन पेट्या उचलतो, आणि पुठ्ठ्यावर तीनसमोर पाच चिंचोके उरतात.

“कोडंच चुकलंय!”

“मग आत दहा असतील तर?”

“दहा असले तरी पेट्या गेल्यावर तीनच उरणार की!”

शिक्षकाने इथे ‘चूक’ म्हणून पुढे जाऊ नये. पेटीत कितीही चिंचोके असले तरी या दोन बाजू सारख्या होऊ शकत नाहीत, हे मुलांनी आत्ताच सिद्ध केलंय. ज्याला उकलच नाही असं समीकरण त्यांनी स्वतः शोधलंय. आता त्यांना विचारायचं, डावीकडे एकच पेटी वाढवली तर? लगेच हात पुठ्ठ्याकडे जातात. तीन पेट्या आणि तीन चिंचोके, समोर दोन पेट्या आणि पाच. पेट्या उचलल्या, चिंचोके उचलले, एका पेटीसमोर दोन उरले. “आणि पहिल्याच कोड्यात, पेटी न वाढवता, उजवीकडचे पाच तीन केले तर?” म्हणजे दोन पेट्या आणि तीन चिंचोके, दोन्हीकडे. आता पेटीत किती, असं विचारल्यावर प्रत्येक गट वेगळी संख्या सांगतो. सगळ्या बरोबर असतात, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं त्यावर वाद घालत राहतात.